कायदेविषयक सदरात महाराष्ट्राबाहेरच्या वाचकालाही जागा द्या

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत वाचकांच्या कायदेविषयक प्रश्नांना वकील मंडळी जी उत्तरे देतात, ती मी नियमाने वाचते. उत्तरे मुद्द्याला धरून असतात आणि भाषाही सोपी असते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी, की त्यातली पुष्कळ उत्तरे बडोद्यात बसून वाचणाऱ्याला लागूच पडत नाहीत आणि तसे त्यात कुठेही लिहिलेले नसते. वाचक बिचारा कात्रण जपून ठेवतो, प्रसंगी त्याच्या भरवशावर सही करतो, आणि आपण वाचलेला कायदा शेजारच्या राज्याचा होता हे त्याला फार उशिरा कळते.

बडोद्यातल्या मराठी घरांची अडचण थोडी वेगळी आहे. आमचे वर्तमानपत्र मराठी, तालुक्याच्या कचेरीतले अर्ज गुजराती, खालच्या कोर्टाचे कामकाज गुजरातीत आणि उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. बोलाचाली कुठेच अडत नाही, पण कायद्यासारखी गोष्ट माणूस ज्या भाषेत वाचतो त्याच भाषेत समजून घेतो, म्हणून आम्ही मराठी सदराकडे वळतो. त्या सदरात भाडेकरार, सोसायटीचे हस्तांतर शुल्क, मुद्रांक, वारसनोंद यांविषयी जे छापून येते ते महाराष्ट्राच्या कायद्याला धरून असते. जुन्या शहरातल्या एका कुटुंबाचे उदाहरण देते. वडिलार्जित घर विकायचे ठरले, भावाभावांत एकमत झाले, बानाखत (विक्रीचा करार) करून विसारही घेतला गेला. नंतर कोणीतरी विचारले, की अशांत धाऱ्याची परवानगी काढली का? गुजरातमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार जो भाग सरकारने अशांत म्हणून जाहीर केलेला असतो, तिथली स्थावर मिळकत विकायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि तिच्याविना केलेला व्यवहार रद्दबातल ठरतो. बडोद्याचे काही भाग या धाऱ्याखाली येतात. महाराष्ट्रात असा कायदाच नसल्याने आपल्या सदरात त्याचा उल्लेख येण्याचे कारण नव्हते, आणि त्या कुटुंबाने तर सदर अगदी मन लावून वाचले होते.

म्हणून पहिली सूचना साधी आहे. प्रत्येक उत्तराच्या आरंभी, ते केंद्राच्या कायद्यावर आधारलेले आहे की महाराष्ट्राच्या, एवढे एका ओळीत छापावे. हिंदू विवाह कायदा, ग्राहक संरक्षण कायदा, ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा हे इंदूर, बडोदे आणि पुणे यांना सारखेच लागू आहेत; मुद्रांक आणि वारसनोंदीचे तसे नाही. वारसांची जंत्री म्हणून बडोद्यात तलाठ्याकडचा पेढीनामा मागतात. त्याचे नावही ज्याने ऐकलेले नाही, त्या पुण्याच्या वकिलाने आम्हाला मार्ग दाखवावा अशी अपेक्षा मी करत नाही, पण ‘ही बाब आपल्या राज्यात तपासून घ्या’ हे शब्द तो नक्कीच लिहू शकतो.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि तो परदेशी जाणाऱ्या मुलामुलींसंबंधी आहे. बडोद्यात आता क्वचितच एखादे मराठी घर असेल, जिथे कॅनडा, इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियाची ‘फाइल’, म्हणजे प्रवेशाचा आणि व्हिसाचा अर्ज, हा शब्द गेल्या काही वर्षांत उच्चारला गेला नसेल. या फायलींविषयी सल्ला कोण देते? अलकापुरीपासून फतेगंजपर्यंत ज्यांच्या पाट्या दिसतात ते कन्सल्टन्सीवाले. वकिलांना मात्र बार कौन्सिल या त्यांच्या नियामक संस्थेच्या नियम ३६ मुळे जाहिरात करण्याची मुभा नाही. दारावरची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची असावी लागते. नियमामागचा हेतू चांगला आहे, त्याविषयी मला वाद घालायचा नाही. पण परिणाम असा झाला आहे, की ज्याला कायदा माहीत आहे त्याला हाक मारता येत नाही आणि ज्याच्यावर कसलेच बंधन नाही त्याचा आवाज चौकाचौकात ऐकू येतो. अशा वेळी वर्तमानपत्राची जबाबदारी वाढते असे मला वाटते.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीचे लोक कागद वाचून घ्यायला येतात, कारण छोट्या अक्षरांतले वाचायची सवय मला नोकरीने लावली. मी वकील नाही आणि सल्ला देत नाही; काय लिहिले आहे तेवढे सांगते. अशाच एका कन्सल्टन्सीचा करार अलीकडे पाहण्यात आला. पहिल्या पानावर विद्यापीठाच्या इमारतीचे रंगीत चित्र होते. चौथ्या पानावर, पाठीमागे, ‘घेतलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असे कलम होते आणि त्याखाली मुलाच्या वडिलांची सही होती. पावती वेगळ्या कागदावर होती. तिच्यावर ‘काउन्सेलिंग’ एवढाच तपशील होता, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि रोख दिलेला आकडा पेन्सिलीने कोपऱ्यात टिपलेला होता. अर्ज ज्या ई-मेलवरून भरला तो त्यांनीच उघडलेला, त्याचा पासवर्डही त्यांच्याचपाशी. म्हणजे व्हिसा कार्यालयाने मुलाला काय विचारले आणि त्याच्या नावे काय उत्तर गेले, हे मुलालाच पाहता येत नव्हते. दर्शनी भागात काचेवर ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ असे ठसठशीत लिहिलेले आहे. चौकशी केली तेव्हा ती नोंदणी गुमास्ता धाऱ्याची, म्हणजे दुकाने-आस्थापनांच्या कायद्याखालची निघाली, जी किराणा दुकानाचीही होते.

इथे वाचकाला काय माहीत हवे होते? नोकरीसाठी परदेशी पाठवणारे एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेले असावे लागतात, त्यांची यादी ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते, आणि उमेदवाराकडून ते ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाहीत. शिक्षणासाठी फाइल टाकून देणारा सल्लागार मात्र या चौकटीत बसत नाही. त्याला मोजायचे माप त्या त्या देशाच्या कायद्यात सापडते. कॅनडाच्या बाबतीत पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या प्रांतांच्या विधिसंस्थांच्या सदस्यांना (वकील इत्यादींना), क्यूबेकच्या नोटरींना आणि ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या संस्थेच्या परवानाधारकांनाच आहे. परवानाधारकांची नावे कोणालाही संकेतस्थळावर तपासता येतात. ऑस्ट्रेलियातही नोंदणीकृत मायग्रेशन एजंटांची यादी अशीच उघडी आहे. आपल्या फायलीवर प्रतिनिधी म्हणून कोणाचे नाव घातले आहे, हा एक प्रश्न कन्सल्टन्सीच्या खुर्चीत बसल्या बसल्या विचारला तरी पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. बहुतेक ठिकाणी उत्तर येते, ‘अर्ज तुमचा मुलगा स्वतःच करतो आहे असे आपण दाखवतो.’ याचा अर्थ उद्या अर्जात खोटा कागद निघाला तर जबाबदारी मुलाची. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होते, आणि कागद एजंटाने जोडला होता हे सांगून ती सहजासहजी टळत नाही. २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांवर कॅनडात गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांवर परत पाठवले जाण्याची वेळ आली होती, तेव्हा हे सगळ्यांनी वाचले. त्यानंतर त्या सरकारने प्रवेशपत्र संबंधित कॉलेजकडून पडताळून घेण्याची पद्धत सुरू केली. बेकायदा वाटेविषयी मी इथे लिहीत नाही. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातल्या डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब कॅनडा-अमेरिका सीमेवर थंडीने गोठून गेले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने लष्करी विमानाने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांत ३३ जण गुजरातचे होते. ज्यांना एवढ्यावरही कळत नाही त्यांच्यापुढे वर्तमानपत्र काय करणार?

मी लिहिते आहे ते सरळ मार्गाने जाऊन फसणाऱ्यांविषयी. त्यांच्यासाठी ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हे कलम शेवटचा शब्द नव्हे, ही गोष्ट आपल्या सदराने ठळकपणे सांगायला हवी. पैसे घेऊन दिलेली ही सेवा आहे आणि सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोग आहेत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकावर एकतर्फी लादलेल्या ‘अन्याय्य करारा’ची स्वतंत्र व्याख्या आहे. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, तेव्हा कन्सल्टन्सीचे मुख्य कार्यालय चंदीगडला असले तरी बडोदेकराला बडोदे सोडावे लागत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, पन्नास लाखांपर्यंतचे प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालते, आणि वकील लावलाच पाहिजे असे बंधन नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ‘आज देतो, उद्या देतो’ करत एजंट नेमकी तीच घालवतो. बिघडलेला फ्रिज, विमा कंपनीने नाकारलेला दावा, बिल्डरने न दिलेला ताबा यांचाही रस्ता हाच आहे. १९१५ या हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवली तर काही प्रकरणे आयोगापर्यंत जातही नाहीत. रोख रक्कम आणि पेन्सिलीचा आकडा घेऊन आयोगासमोर उभे राहणे मात्र कठीण, म्हणून पैसे बँकेतूनच द्यावेत. हे मी नोकरीतही सांगत होते, तेव्हाही कोणी ऐकत नव्हते.

आता घरगुती प्रश्नांकडे येते, कारण परदेश तिथेही येऊन पोचला आहे. मुलगी लग्न करून टोरांटोला गेली, पटले नाही म्हणून परत बडोद्याला आली, आणि काही महिन्यांनी कुरियरने तिथल्या कोर्टाचे जाड पाकीट येते. अशा पाकिटांसमोर घरे दोन प्रकारे वागताना मी पाहिली आहेत. काही घरांत ते न उघडता कपाटात जाते, ‘तिकडच्या कोर्टाचा इथे काय संबंध’ म्हणून. काही घरांत उलट घडते. जावयाकडचे कोणी गोड बोलून संमतीच्या कागदावर मुलीची सही घेऊन जाते, ‘नाहीतरी संसार मोडलाच आहे’ म्हणून. दोन्हींचे परिणाम दूरवर जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकटलक्ष्मी या खटल्यात ठरवून दिले, की हिंदू विवाह कायद्याखाली लागलेले लग्न परदेशी कोर्टाने त्या कायद्यात नसलेल्या कारणावरून मोडले, तर तो हुकूमनामा भारतात सर्वसाधारणपणे मानला जात नाही. कॅनडात पती-पत्नी वर्षभर विभक्त राहिले एवढ्यावर घटस्फोट मिळू शकतो. आपल्या कायद्यात तेवढेच कारण एकतर्फी घटस्फोटाला पुरत नाही. म्हणजे न उघडलेल्या पाकिटातून असे निघू शकते, की जावई तिकडे कायदेशीरपणे मोकळा झाला आणि मुलगी इकडे कायद्याने विवाहितच राहिली, शिवाय तिथल्या मिळकतीत आणि पोटगीत तिचे जे म्हणणे होते ते मांडायचे राहून गेले. आणि संमतीच्या कागदावर सही केली असेल, तर त्याच निकालातल्या अपवादानुसार तो हुकूमनामा इथेही तिच्यावर बंधनकारक होतो. तिसरा रस्ता आहे, तो म्हणजे त्या कोर्टाच्या अधिकारकक्षेला हरकत घेणारे उत्तर मुदतीत पाठवणे. न्यायालयाने त्याच निकालात म्हटले आहे, की केवळ हरकत नोंदवण्यासाठी हजर होणे म्हणजे तिथली सत्ता मान्य करणे नव्हे. पोटगीचा अर्ज तर ती राहते तिथे, म्हणजे बडोद्यातच, करू शकते. १ जुलै २०२४ पासून तो नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली येतो, आणि जुने कलम १२५ सांगणारी उत्तरे अजूनही छापून येताना दिसतात, हेही जाता जाता लक्षात आणून देते.

बडोद्याला या विषयाचे वावडे असायचे कारण नाही. या संस्थानाने १९३१ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला; देशभरचा हिंदू विवाह कायदा त्यानंतर २४ वर्षांनी आला. तरीही आमच्याकडे चांगल्या शिकल्यासवरल्या घरात ‘वकिलाकडे जाऊन आलो’ हे वाक्य अजून आवाज खाली करून बोलतात.

मागे राहिलेल्या आईवडिलांचे प्रश्न याला जोडूनच आहेत. मुलगा परदेशी, सदनिका त्याच्या नावावर, विकायची वेळ वडिलांवर. कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणले तरी भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, आणि देणारा हयात असेपर्यंतच ते चालते. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देणाऱ्यांनी तर सही करण्यापूर्वी २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ वाचावेच. मुलाने सांभाळ करावा ही अट त्या पत्रातच लिहिलेली असेल, तर अट मोडल्यावर बक्षीस रद्द करून घेणे सोपे जाते. अट तोंडी असेल तर वर्षानुवर्षे वाद चालतो. या कायद्याच्या न्यायाधिकरणापुढे, कलम १७ च्या शब्दांप्रमाणे, वकिलाला उभे राहता येत नाही (काही उच्च न्यायालयांनी मात्र हे बंधन मानलेले नाही), असे सांगितले की लोकांचा विश्वास बसत नाही.

आणि ज्यांना वकिलाची फी परवडत नाही त्यांच्यासाठी जी व्यवस्था आहे ती तर जवळजवळ गुप्त राहिली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात मोफत सल्ल्याची आणि वकिलाची सोय केली आहे. स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना तिचा लाभ उत्पन्नाची अट न ठेवता मिळतो. पती मोठ्या पगारावर आहे म्हणून पत्नीला नकार देता येत नाही. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर एकच आहे. कोर्ट न्यायमंदिराच्या जुन्या वास्तूतून दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेले त्याला आता काही वर्षे झाली, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण म्हणजे काय असे विचारले तर दांडिया बाजारात दहांपैकी एखादाच सांगू शकेल. फुकट मिळते ते हलके, ही समजूतही आड येते. याउलट, पैसे देऊन लावलेल्या वकिलाने काम बिघडवले तर ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. तक्रार बार कौन्सिलकडेच करावी लागते. तेव्हा वकील निवडताना घ्यायची काळजी हाही एका रविवारचा विषय होऊ शकतो.

माझी मागणी सदर मोठे करण्याची नाही. मला त्यात एक बदल हवा आहे. सध्याची उत्तरे निकाल दिल्यासारखी असतात. ‘सुनेने स्वतःहून घर सोडले, पोटगी द्यावी लागेल का?’ या एका ओळीच्या प्रश्नाला, सुनेची बाजू न ऐकता, ‘नाही’ असे उत्तर छापून आलेले मी वाचले आहे. इतक्या अपुऱ्या माहितीवर कोणताही न्यायाधीश बोलणार नाही. त्यापेक्षा, हे प्रकरण कोणत्या दारी जाते, तिथे जाताना कोणते कागद लागतात, मुदत किती आहे आणि तोवर कशावर सही करू नये, या चार गोष्टी सांगितल्या तर तेवढ्याच जागेत वाचकाचे खरे काम होईल. गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या प्रश्नांसाठी तिथे वकिली करणाऱ्या मराठी वकिलांना महिन्यातून एकदा लिहायला सांगावे. बडोद्याच्या कोर्टात असे वकील पुष्कळ आहेत, विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेतही शिकवणारे आहेत. जाहिरातीच्या नियमाचा बाध येऊ नये म्हणून नावापुढे पत्ता आणि दूरध्वनी छापू नये, म्हणजे झाले.

सुरुवात कधी करावी याविषयीही एक विनंती आहे. कॅनडा, इंग्लंडमधल्या विद्यापीठांचे मोठे प्रवेश सप्टेंबरचे असतात आणि त्यांच्या फायली, म्हणजे करार, पावत्या आणि आगाऊ रकमा, त्याच्या कितीतरी महिने आधी होतात. बारावीचे निकाल लागले की कन्सल्टन्सीच्या बाकावर जागा मिळत नाही. तेव्हा परदेशी शिक्षणाविषयीचा पहिला लेख निकालानंतर न छापता परीक्षा चालू असतानाच छापावा, आणि त्यासोबत कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न एका चौकटीत द्यावेत. ती चौकट गुजराती वाचणाऱ्या शेजाऱ्यांना समजावून सांगण्याचे काम आम्ही इथले वाचक करू.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)